खबर भिंतीबाहेर गेली पाहिजे: दिव्यांगांच्या निवासी संस्था चालवणाऱ्यांसाठी

दिव्यांगांसाठी निवासी शाळा, बालगृह, कर्मशाळा किंवा प्रौढांचे निवासस्थान चालवणाऱ्यांचा बराचसा वेळ कागदांत जातो. नोंदणीचे नूतनीकरण, अनुदानाचे प्रस्ताव, हजेरीपट, धर्मादाय आयुक्तांकडे पाठवायचे हिशेब, तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी तयार ठेवायचे दफ्तर. ही कामे टाळता येत नाहीत आणि टाळूही नयेत. तरीही कागद पूर्ण असणे आणि संस्थेतली मुले-माणसे सुरक्षित असणे, यांचे नाते आपण धरून चालतो तितके जवळचे नाही. संस्थेत काही वाईट घडले, तर त्याची खबर चालकाच्या परवानगीवाचून किती लवकर बाहेर पोहोचते, यावर सुरक्षितता सर्वांत जास्त अवलंबून असते. कायद्यातल्या तरतुदी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या तर त्यांचाही रोख तिकडेच दिसतो. म्हणून अनुपालनाचा विचार ‘तपासणीत काय दाखवायचे’ इथून सुरू न करता ‘बाहेर काय कळले पाहिजे’ इथून सुरू करावा, असे मला वाटते.

याला आधार आहे तो घडलेल्या प्रकरणांचा. २०१० मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या कवडास इथल्या मतिमंद मुलांच्या संस्थेत उपासमारीने मृत्यू आणि लैंगिक अत्याचार झाल्याच्या बातम्या आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची स्वतःहून दखल घेतली आणि राज्यातल्या अशा बालगृहांच्या पाहणीसाठी समिती नेमली. पुढच्याच वर्षी पनवेलजवळच्या कळंबोलीतल्या बालगृहातले अत्याचार उजेडात आले आणि २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने संस्थाचालकासह काही जणांना दोषी ठरवले. बिहारमधल्या मुझफ्फरपूरचे बालिकागृह सरकारी पैशावर चालत होते, तिथे अधिकाऱ्यांचे जाणे-येणे होते. पण तिथल्या मुलींवर काय गुदरत होते हे उघड झाले ते मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ या गटाने सामाजिक लेखापरीक्षण केले तेव्हा. २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्या प्रकरणी १९ जणांना दोषी ठरवले. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या रुग्णालयावर तर स्वतंत्र नियामक संस्थेची देखरेख होती. तिथल्या एका परिचारकाने वरिष्ठांना आणि नियामकालाही सावध केले होते, तरी मारहाण थांबली ती २०११ मध्ये बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने केलेले चित्रण लोकांसमोर आल्यावर. देश वेगळे, संस्था वेगळ्या, पण नियमित तपासणीने प्रकार उघडकीला आला असे यांतल्या कुठल्याही ठिकाणी म्हणता येत नाही. दर वेळी संस्थेच्या साखळीबाहेरचे कोणीतरी मध्ये यावे लागले.

नोंदणीचा मुद्दा आधी थोडक्यात संपवू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५० प्रमाणे सक्षम प्राधिकरणाच्या नोंदणी प्रमाणपत्राशिवाय दिव्यांगांसाठी संस्था सुरू करता येत नाही आणि चालवताही येत नाही. काळजी व संरक्षणाची गरज असलेली अठरा वर्षांखालची मुले राहत असतील तर बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४१ खालची नोंदणीही लागते. ती नसल्यास कलम ४२ मध्ये एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. एक नोंदणी केली की दुसरी लागत नाही, हा समज अनेक ठिकाणी असतो आणि तो महागात पडू शकतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीही हवी. प्रमाणपत्रांच्या मुदती एका तक्त्यात लिहून तो तक्ता विश्वस्तांच्या प्रत्येक बैठकीत पुढे ठेवला, तर या भागाची काळजी बऱ्यापैकी मिटते.

खरी परीक्षा पुढे आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याचे, म्हणजे पोक्सोचे, कलम १९ सांगते की असा गुन्हा घडल्याचे ज्याला माहीत आहे, किंवा तो घडण्याची शक्यता ज्याला वाटते, त्या प्रत्येकाने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलेच पाहिजे. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखासाठी ही मुदत एक वर्षापर्यंत आहे. इथे संस्थाचालकांचा नेहमीचा आक्षेप येतो: आधी शहानिशा नको का? खोट्या आरोपाने एका प्रामाणिक काळजीवाहकाचे आयुष्य उद्ध्वस्त झाले तर? संस्थेचे वर्षानुवर्षे कमावलेले नाव एका दिवसात धुळीला मिळाले तर? ही भीती खोटी नाही. पण शहानिशा करायची ती कोणी, हा प्रश्न कायद्याने सोडवलेला आहे, आणि त्याचे उत्तर ‘संस्थेने’ असे नाही. संस्थेच्या अंतर्गत चौकशीत पुरावा धुतला जातो, मुलाला चार वेळा तेच सांगावे लागते आणि आरोपीला तयारीला वेळ मिळतो. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, हे कलम १९ मध्येच लिहिले आहे. जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढासाठी कलम २२ मध्ये वेगळी शिक्षा आहे. निरपराध कर्मचाऱ्याचे खरे रक्षण वेळेवर आणि नीट झालेल्या तपासानेच होते. बंद दाराआड मिटवलेल्या प्रकरणातून तो निर्दोष म्हणून कधीच बाहेर पडत नाही, संशय त्याला चिकटून राहतो.

सर्वोच्च न्यायालयाने ही जबाबदारी महाराष्ट्रातल्याच प्रकरणांतून स्पष्ट केली आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या एका मुलीवरील अत्याचार व खुनाच्या प्रकरणात, शंकर किसनराव खाडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २०१३ च्या निकालात, न्यायालयाने शाळा, विशेष गृहे, बालगृहे, निवारागृहे आणि वसतिगृहांच्या प्रमुखांवर तातडीने कळवण्याचे कर्तव्य नोंदवले आणि न कळवणे म्हणजे गुन्हेगाराला पाठीशी घालणे होय, असे मत मांडले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथल्या वसतिगृहातील मुलींच्या प्रकरणात, माहिती असून कळवले नाही असा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा खटला उच्च न्यायालयाने रद्द केला होता. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. २०२४ च्या बदलापूर प्रकरणातही शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर न कळवल्याबद्दल गुन्हा नोंदवला गेला. तेव्हा संस्थेच्या लेखी धोरणात पहिली ओळ ही असावी: संशय आलेला कर्मचारी, मग तो स्वयंपाकी असो की अधीक्षक, थेट पोलिसांना किंवा १०९८ या क्रमांकावर कळवू शकतो, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, आणि त्याने वरिष्ठांना नंतर सांगितले म्हणून त्याच्यावर कारवाई होणार नाही. ‘आधी मुख्याध्यापकांना सांगा’ असे लिहिलेले धोरण कितीही सुबक असले तरी ते खबरीला आत अडवते.

अठरा वर्षांपुढच्या प्रवेशितांबाबत मात्र कायदाच सैल आहे, आणि संस्थाचालकांचे याकडे सर्वांत कमी लक्ष असते. ‘ईरा’ प्रकरणात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने पोक्सोतले वय हे जन्मतारखेनुसारचे वय आहे, मानसिक वय नव्हे, असे ठरवले. म्हणजे अडतीस वर्षांची, पण सहा ते आठ वर्षांच्या मुलीइतकी समज असलेली बाई पोक्सोच्या संरक्षणात येत नाही आणि तिच्या बाबतीत कलम १९ चे सक्तीचे कर्तव्यही लागू होत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे कलम ७ अत्याचार, हिंसा किंवा शोषणाची माहिती कार्यकारी दंडाधिकाऱ्याला देण्याची मुभा देते, सक्ती करत नाही. आपल्याकडे तहसीलदार बहुधा कार्यकारी दंडाधिकारीही असतात. ते सुटकेचे, सुरक्षित ठिकाणी ठेवण्याचे किंवा संरक्षणाचे आदेश देऊ शकतात. अपराध मात्र गंभीरच राहतो: दिव्यांग स्त्रीवरील बलात्काराला भारतीय न्याय संहितेत किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे, आणि २०१६ च्या अधिनियमाचे कलम ९२ दिव्यांग व्यक्तीवर हात उगारणे, ताब्यातल्या व्यक्तीला जाणूनबुजून अन्नपाणी नाकारणे, तिची सहायक साधने मोडणे यांसाठी सहा महिने ते पाच वर्षे कैद सांगते. त्यामुळे कायद्याने जिथे ‘देऊ शकेल’ म्हटले आहे तिथे संस्थेने आपल्या नियमात ‘देईल’ असे लिहून घ्यावे, आणि तो नियम मुलांइतकाच प्रौढांनाही लावावा. कोवळ्या वयाची कणव आपल्याला सहज येते. चाळिशीतल्या माणसाच्या अंगावरचा वळ मात्र ‘तो पडला असेल’ म्हणून सोडला जातो.

यावर दुसरा आक्षेप असा: आमच्याकडची मुले बोलतच नाहीत, मग खबर निघणार कशी? आणि बोलली तरी त्यांच्या सांगण्यावर कोर्ट विश्वास ठेवेल का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर २०२१ च्या पटन जमाल वली निकालात आहे. पीडित स्त्री अंध होती. केवळ दिव्यांगत्वामुळे साक्ष कमकुवत ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने त्यात निःसंदिग्धपणे सांगितले. पोक्सोच्या कलम ३८ मध्ये दिव्यांग बालकाची साक्ष घेताना विशेष शिक्षकाची किंवा त्याच्याशी संवाद साधू शकणाऱ्या व्यक्तीची मदत घेण्याची तरतूद आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणेही पीडित दिव्यांग व्यक्तीची लैंगिक गुन्ह्याची माहिती तिच्या घरी किंवा सोयीच्या जागी, दुभाषा किंवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत नोंदवायची असते आणि तिचे चित्रीकरण करायचे असते. अशी मदत करू शकणाऱ्या, पण आपल्या संस्थेत नोकरीला नसलेल्या, दोन-तीन व्यक्तींची नावे आधीच ठरवून ठेवणे हे चालकाचे काम आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर रोजच्या शिकवण्यात आहे. संवादाच्या चित्रफलकावर जेवण, पाणी, संडास आणि खेळ यांची चित्रे असतात. शरीराच्या खासगी भागांची, ‘दुखतंय’, ‘नको’, ‘कोणी केलं’ यांची बहुधा नसतात. लाज वाटते म्हणून ती वगळली, की मुलाच्या हातून तक्रारीचे शब्दच काढून घेतले जातात. शिवाय देह बोलतोच. अचानक अंथरूण ओले होऊ लागणे, एखाद्या माणसाला पाहून आक्रसणे, आंघोळीला नकार, जेवण सोडणे, स्वतःला मारून घेणे, हे बदल ‘मतिमंदत्वाचाच भाग’ म्हणून झटकून टाकण्याची सवय सर्वांत घातक आहे. पृष्ठक्रमांक छापलेल्या वहीत प्रत्येक जखम, पडणे, फेफरे आणि वागण्यातला बदल त्याच दिवशी, वेळेसह, पाहणाऱ्याच्याच अक्षरात लिहिला जावा. ‘खोडकरपणा केला’ असा निष्कर्ष नको. ‘सकाळी सात वाजता उजव्या दंडावर चार बोटांएवढा निळा डाग दिसला’ अशी नोंद हवी. महिन्याकाठी या नोंदी संस्थेबाहेरच्या एखाद्या डॉक्टरने किंवा पालक प्रतिनिधीने सलग वाचल्या, तर रोज पाहणाऱ्याला न दिसणारे सूत्र त्यांत दिसू शकते. एकाच कर्मचाऱ्याच्या पाळीत होणाऱ्या जखमा तारखांवरूनच ओळखू येतात.

संशय आला त्या पहिल्या काही तासांत काय करायचे, हे सर्वांना तोंडपाठ हवे. त्या व्यक्तीला संशयितापासून दूर आणि तिच्या विश्वासातल्या एका माणसाजवळ ठेवावे. तिला आंघोळ घालू नये, कपडे व चादर धुऊ नयेत, ती कोरड्या कागदी पिशवीत ठेवावीत. तिने जे सांगितले किंवा खुणेने दाखवले ते तिच्याच शब्दांत लिहावे आणि पुढे खोदून विचारू नये. वैद्यकीय मदत लगेच द्यावी. सरकारी असो वा खासगी, कोणतेही रुग्णालय अशा पीडितेला प्रथमोपचार किंवा उपचार मोफत देण्यास कायद्याने बांधलेले आहे. मुलगी असेल तर तपासणी महिला डॉक्टरने करायची असते. पोलिसांना कळवल्याची वेळ आणि कोणाशी बोलणे झाले ते नोंदवावे. पीडित बालकाची ओळख उघड होईल असे काहीही कोणालाही, पत्रकारांना किंवा संस्थेच्या व्हॉट्सॲप गटालाही, सांगणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

नेमणुकीच्या वेळची चारित्र्य पडताळणी अनेकजण एकदा करून विसरतात. पोक्सोच्या २०२० च्या नियमांप्रमाणे मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, कंत्राटी असला तरी, पोलीस पडताळणी ठराविक काळाने करायची असते. वाहनचालक, रात्रीचा पहारेकरी आणि ‘सेवाभावाने’ येणारे स्वयंसेवकही त्यातून सुटू नयेत. धोका बहुतेक वेळा वर्गात नसतो. तो आंघोळीच्या वेळी, संडासात, रात्रपाळीत आणि गाडीत असतो, कारण तिथे एकाला एकच असतो. म्हणून रात्री किमान दोन जण, शारीरिक निगा राखायला त्याच लिंगाची व्यक्ती, खोलीच्या दारात काचेची झडप, कॅमेरा व्हरांड्यात पण न्हाणीघरात कधीच नाही, अशी मांडणी करावी. ‘एवढी माणसे आणायची कुठून, अनुदान वेळेवर येत नाही’, हे खरे आहे. अनुदानाच्या विलंबाने छोट्या संस्थांची दमछाक होते आणि शासनाला हे लेखी, आकड्यांनिशी सांगितले पाहिजे. पण ज्या संस्थेला रात्री दोन माणसे ठेवणे परवडत नाही, तिने प्रवेश कमी करावेत. पन्नास मुलांना असुरक्षित आसरा देण्यापेक्षा तीस मुलांना सुरक्षित ठेवणे जास्त न्यायाचे आहे. राहिलेल्या वीस मुलांची जबाबदारी मग शासनाची आहे, हेही त्याच पत्रात ठामपणे लिहावे.

बांधून ठेवणे, कोंडणे, झोपेची औषधे देणे याबद्दल संस्थांमध्ये एक ठरलेले उत्तर ऐकू येते: त्याच्याच भल्यासाठी. हे उत्तर कुठपर्यंत जाते ते आपण पाहिले आहे. ऑगस्ट २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडी इथे साखळदंडाने बांधलेली २८ मनोरुग्ण माणसे आगीत जळून मेली. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय बालगृहातल्या मुलींची पुण्याच्या ससून रुग्णालयात गर्भाशये काढण्यात आली, आणि त्याचे समर्थन पाळीच्या दिवसांतल्या स्वच्छतेच्या नावाने झाले. सोय संस्थेची होती, शरीर मुलींचे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ साखळदंड घालण्यास सर्वथा मनाई करतो, आणि शारीरिक बंधन फक्त तातडीचा धोका टाळायला, तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, मान्य करतो. बौद्धिक अक्षमता या अधिनियमाच्या व्याख्येत बसत नाही, म्हणून आपल्याला तो लागू नाही असे म्हणत सुटका करून घेता येईल. पण मनोरुग्णालयाला जे वर्ज्य ते आपल्या बालगृहात चालावे, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? बांधण्याची, कोंडण्याची किंवा शामक औषधाची प्रत्येक वेळ कारण, कालावधी आणि परवानगी देणाऱ्याच्या सहीसह लिहा, आणि ती नोंद पालकांना त्याच दिवशी कळवा. लिहावे लागते म्हटल्यावर अशा वेळा कमी होतील. संमतीचेही तेच. चंदीगडच्या एका शासकीय संस्थेत अत्याचारातून गर्भवती राहिलेल्या, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रीच्या प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने तिचीच इच्छा निर्णायक मानली. तिच्या वतीने संस्था ठरवू शकत नाही.

पालकांकडून येणारा विरोध सर्वांत नाजूक असतो. ‘आमच्या मुलीचे नाव पोलिसांत नको, तिला परत घरीही नेता येत नाही’, असे आई रडत सांगते तेव्हा चालकाचे मन पाघळते. तिचे दुःख खरे आहे, पण पोक्सोत पालकांच्या संमतीवर कळवण्याचे कर्तव्य अवलंबून नाही, आणि त्याच इमारतीत इतर मुली आहेत. प्रवेशाच्या दिवशीच पालकांना हे समजावून सही घेतली, तर तो कठीण प्रसंग थोडा सोपा होतो. त्याच वेळी पालकांना कधीही, न कळवता, भेटायला येण्याचा हक्क लेखी द्यावा. भेटीला ‘रविवार चार ते पाच’ एवढीच वेळ असेल, तर बाकीच्या १६७ तासांत आत काय चालते हे कोणालाच कळत नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. कळवले तर नोंदणी रद्द होईल, संस्था बंद पडेल, आणि ज्यांना कोणी नाही अशी ही मुले-माणसे जाणार कुठे? या एका विचारापायी अनेक भली माणसे गप्प बसतात. २०१६ च्या अधिनियमाचे कलम ५२ याची सोय करते: नोंदणी रद्द झाली तर सक्षम प्राधिकरण प्रवेशितांना पालक, जोडीदार किंवा पालकत्व असलेल्या व्यक्तीकडे सोपवण्याचा किंवा दुसऱ्या संस्थेत हलवण्याचा आदेश देऊ शकते. रद्द करण्याच्या आदेशावर अपील करण्याचीही वाट आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्यांच्या पालकत्वासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालची, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती आहे. सोय कागदावर आहे, ती प्रत्यक्षात नीट चालेलच असे नाही, म्हणून संस्थेने आपल्या परीने तयारी ठेवावी. प्रत्येक प्रवेशिताची एक वेगळी फाइल असावी: त्याची औषधे व मात्रा, फेफऱ्यांचा इतिहास, गिळताना त्रास होतो का, कोणत्या खुणेचा अर्थ काय, कशाने घाबरतो, कोणत्या नातेवाइकाला भेटू द्यायचे आणि कोणाला नाही, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, आधार, बँक खाते. ती दर तीन महिन्यांनी अद्ययावत करावी. तिची एक प्रत पालकांकडे किंवा बालकल्याण समितीकडे असावी, म्हणजे त्या माणसाला उद्या दुसऱ्या दारात उभे राहावे लागले, तर तिथल्या काळजीवाहकाला पहिल्याच रात्री त्याला कसे झोपवायचे ते माहीत असेल.